मुका झालेला खेळ

आमच्या देऊळगाव राजाला आश्विनात बालाजी महाराजांची यात्रा भरते. १९९० नंतर काही वर्षं तिथं रहाटपाळण्यांशेजारी व्हिडिओ गेमच्या राहुट्याही लागायच्या. लाकडी कपाट, आत टीव्हीची पिक्चर ट्यूब, एक बोर्ड आणि नाणं टाकायला फट. आवाज गेला की पोरं शेजारच्या राहुटीत जात. यात्रेचे दिवस मोजके, त्यातच वर्षाची कमाई. मालक मग कपाट हातगाडीवर घालून अब्बांच्या दुकानात आणायचा.

अब्बांचं दुकान रेडिओ दुरुस्तीचं. त्याच टेबलावर मशिदीचा अँप्लिफायर असे आणि गणेश मंडळाचाही. कोणता कुणाचा हे चिठ्ठी वाचून कळायचं. बिघाड सगळ्यांचे सारखेच. त्यामुळे जपानी खेळाचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही.

"पहले अपना हात बचा," हा त्यांचा पहिला धडा. मशीन बंद केलं तरी पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

मग चित्र बघायचं. जपानमध्ये १९८५ साली 'जामा' नावाची जोडणीची पद्धत ठरली. ५६ टोकांची एकच पट्टी, म्हणून एक खेळ काढून दुसरा बसवता येई. या पट्टीतून बोर्डाला पाच व्होल्ट मिळतात आणि बारा व्होल्टही. चित्र आणि खेळ पाचावर चालतात, आवाजाचा अँप्लिफायर बहुधा बारावर. खेळ नीट चालतोय पण आवाज नाही, असं असलं की अब्बा आधी बारा व्होल्ट मोजत. ते पोचत नसतील तर वीज तोडून बोर्डाची काळवंडलेली टोकं आमच्या खोडरबराने घासत. बरीच मशीनं एवढ्यावरच बोलू लागत.

तरीही मुकं राहिलं तर वाट मधोमध तोडायची. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला बारीक स्क्रू ड्रायव्हर लावून पात्याला बोट टेकवायचं. तिथं दाब कमी असतो, म्हणून हे चालतं. स्पीकर गुरगुरला तर पुढचं सगळं शाबूत, दोष मागे बोर्डात. गप्प राहिला तर दोष अँप्लिफायरमध्ये किंवा स्पीकरमध्ये. स्पीकरची तार सोडवून त्याला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला की 'खट्' वाजतं. नाही वाजलं तर कॉइल तुटलेली.

१९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'मध्ये संगीत यामाहाच्या चिपवर आणि लढणाऱ्यांच्या आरोळ्या ओकीच्या दुसऱ्या चिपवर. अब्बांना खेळाचं नाव धड घेता येत नसे. पण "गाना है, चिल्लाना नहीं," म्हणत ते नेमके त्या दुसऱ्या चिपकडे वळत. ती जालन्याला मिळत नसे. मेलेल्या बोर्डावरून काढून बसवावी लागे.

अब्बा आता ऐंशीच्या घरात आहेत. कानाला यंत्र आहे, तरी बारीक आवाज ऐकू येत नाहीत. उभ्या आयुष्यात कानांवर पोट भरलेला माणूस. दुकान बंद केलं तेव्हा कारणही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्यानं जालन्याच्या भंगारातून असंच एक कपाट आणलं. चित्र होतं, आवाज नव्हता. अब्बा खाटेवरून एकेक पायरी विचारत गेले. बारा व्होल्ट होते. व्हॉल्यूमपाशी गुरगुर नव्हती. सेल लावल्यावर खट् वाजलं. म्हणजे दोष अँप्लिफायरमध्ये. वर्षानुवर्षं तापून त्याच्या चिपच्या एका पायाचा डाग सुटला होता. पोरानं वीज बंद करून नवा डाग दिला, पुन्हा चालू केलं आणि ओरडला, "दादा, बजा!"

अब्बांनी उठून स्पीकरच्या कागदावर अलगद तळहात ठेवला. संगीत वाजलं, थांबलं. हात मात्र तिथंच होता.

"गाना रुका, ये नहीं रुका," ते म्हणाले.

आम्ही कान लावला. खाली बारीक घूंऽऽ चालू होती. पॉवरचा फिल्टर कंडेन्सर सुकलेला होता. आम्हा दोघांनाही ती गुरगुर खेळातलीच वाटली होती.