जखमी पाय आणि जाणती दया

घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या उंच इमारतींत अलीकडे मोठे पक्षीही नांदू लागले आहेत. कोणाकडे मकाऊ, कोणाकडे काकाकुवा, तर कोणाकडे आफ्रिकेचा राखी पोपट. एखाद्या दिवशी असा पक्षी पाय मुडपून बसतो, तेव्हा साऱ्या घराची माया एकाच वेळी त्याच्या अंगावर धावून येते. धोका तेथेच असतो.

घाटकोपरच्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरी असेच घडले. मकाऊच्या पायातील कडी पिंजऱ्याच्या तारेत अडकली आणि सुटण्याच्या धडपडीत पाय मोडला. सुनेने हळद आणली, मुलाने चिंधी फाडली, नातवाने डोकेदुखीची गोळी पुढे केली. दुकानातून घाईने परतलेल्या आजोबांनी सर्वांचे हात थांबविले.

ते योग्यच झाले. पक्ष्याचे हाड हलके आणि पातळ असते. ओढाताण झाल्यास त्याच्या चिरफळ्या उडतात. पक्ष्याला श्वासपटल नसते. छाती हलली तरच त्याला श्वास घेता येतो, म्हणून अंगाभोवती आवळलेले फडके त्याला गुदमरवते. किलोभर वजनाच्या मकाऊच्या अंगात रक्त असते जेमतेम शंभर मिलिलिटर. माणसाची गोळी तर त्याला विषासारखी ठरू शकते.

आजोबांनी वाहत्या जखमेवर स्वच्छ कापूस हलकेच दाबून धरला. पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ टॉवेल अंथरला, हवेसाठी भोके पाडली, आत दांडी ठेवली नाही. अंधारात पक्षी शांत झाला आणि तसाच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे पोहोचला. त्यांनी कडी कापली, एक्स-रे काढून पायाला आधारपट्टी बांधली आणि तीन-चार आठवड्यांची विश्रांती सांगितली. धडधाकट पायाकडेही लक्ष ठेवण्यास त्यांनी बजावले. सारा भार त्यावर पडून तळव्याला जखम होते. म्हणून घरी दांडीला मऊ कापड गुंडाळले गेले, दाणापाणी हाताशी आले.

मुलाने खर्चाचा विषय काढला. आजोबा म्हणाले, "आणताना किंमत मोजलीस ना? मग हाही त्याच खरेदीचा भाग समज."

परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी-रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जिवांची सेवा करीत आहे. मुंबईच्या त्या परंपरेत आपल्यालाही लहानसा वाटा उचलता येईल: पक्षी असलेल्या प्रत्येक घराने जवळच्या पक्षीवैद्याचा पत्ता आजच लिहून ठेवावा आणि पायातील कडी, पिंजऱ्याच्या तारा रोज पाहाव्यात.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला 'बंध' आहे. पक्षी घरी आणण्यापूर्वीच त्याचा विचार व्हावा. आणि ज्याचा पाय आपल्याच तारेत मोडला, त्याचा उपचार हे आपण केलेले दान नव्हे; ते आपल्यावरचे देणे आहे.