खोकला कोणाच्या नावे?

चाळिशी उलटली की माणसाच्या तपासण्या सुरू होतात. आधी साखर, मग रक्तदाब, मग डोळे. मी बँकेत कारकून असल्यामुळे त्यात ऑडिटची भर. या सगळ्याला मी सरावलो आहे. ऑडिटर आला की बिस्किटं कुठली मागवायची आणि डॉक्टरांनी "गोड खाता का?" विचारलं की कितपत खोटं बोलायचं, हे मला अनुभवाने कळतं. पण आमच्या मारुतीच्या मागच्या नळीत एका पोराने दुसरी नळी घातली आणि संगणकाकडे बघून "काका, नापास" म्हटलं, तेव्हा पोटात जो गोळा आला तो थेट बारावीच्या निकालाची आठवण करून देणारा होता.

ही मारुती आठशे तशी माझी नव्हे, नानांची. नाना म्हणजे माझे वडील, निवृत्त हेडमास्तर. १९९७ च्या मार्चमध्ये भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून त्यांनी ती घेतली. तेव्हा नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे गल्लीतल्या गाड्यांवर नंदुरबारचा एमएच ३९ आणि आमच्या पाटीवर धुळ्याचा एमएच १८. "आमची गाडी जिल्ह्यापेक्षा सव्वा वर्षाने मोठी," हे वाक्य नाना पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवतात.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. २०१२ झालं, २०१७ झालं, आणि २०२२ चा मार्च उजाडला. त्यात सरकारने आधीच जाहीर केलं होतं की १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजार होणार. हा फरक कॉमर्सच्या पदवीधराला समजावून सांगावा लागत नाही. पण मार्चअखेर बँकेच्या कारकुनाने रजा मागणं म्हणजे बोहल्यावरच्या नवरदेवाने "जरा जाऊन येतो" म्हणणं! देवच धावला. २६ तारखेला चौथा शनिवार, २७ ला रविवार आणि २८-२९ ला देशव्यापी संप. संपात मी चळवळीवरच्या निष्ठेने सामील झालो, असं माझं म्हणणं आहे. सौ.चं म्हणणं वेगळं आहे.

नूतनीकरणाच्या कागदांत पीयूसी हवी, म्हणजे गाडीचा धूर मर्यादेत असल्याचा दाखला. जुन्या गाड्यांना तो दर सहा महिन्यांनी घ्यावा लागतो. खरं सांगायचं तर बरीच वर्षं हा दाखला मला ओळखीने घरपोच मिळे. गाडी अंगणात, दाखला कपाटात, दोघांची कधी गाठ पडली नाही. नानांना याची गंधवार्ता नव्हती. पण आता पाटीचा फोटो थेट सरकारी संगणकावर जातो, तेव्हा गाडीला जातीने हजर राहावं लागतं.

शनिवारी सकाळी नाना म्हणाले, "मी येतो." सोबत त्यांची कापडी थैली. तिच्यात चष्मा, पाण्याची बाटली आणि दम लागला की ओढायचा पंप.

नानांचा दमा तीन-चार वर्षांचा. करोनाच्या काळात तर ते खोकले की शेजारच्या खिडक्या बंद होत. चाचणी दोनदा केली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. मग राहिली मिरची. नंदुरबार हे मिरचीचं गाव. हंगामात ओली लाल मिरची पथाऱ्यांवर वाळत पडते, आणि रस्त्याने जाणारा परगावचा माणूस ठसक्यावरून ओळखता येतो. आमच्या घरामागे थोड्याच अंतरावर एक पथारी आहे. नानांचा खोकला आम्ही सरळ मिरचीच्या नावे टाकला होता. पथारी हलवावी म्हणून नगरपालिकेला द्यायचा अर्जही मी लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता. सुंदर अर्ज होता. "माझ्या वयोवृद्ध वडिलांच्या श्वासाशी चाललेला खेळ" असं एक वाक्य त्यात होतं, आणि ते वाचताना माझाच कंठ दाटून येई.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना दात बघतात. मोटारीची परीक्षा उलट्या टोकाकडून होते. पोराने नळी घातली, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आणि आकडे आले. २००० सालाआधीच्या पेट्रोल मोटारीला धुरात कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत माफ असतो. आमचा निघाला ५.८. हायड्रोकार्बनची मर्यादा १५००, आमचे २१००. पहिला आकडा अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा, दुसरा मुळीच न जळलेल्याचा. लिटरला शंभरावर रुपये मोजून घेतलेलं पेट्रोल मी नुसतंच हवेत सोडत होतो.

"अरे, पण धूर कुठे दिसतोय?" मी म्हणालो.

"काका, मोनॉक्साइड दिसत नाही. वासही येत नाही त्याला."

मग त्याने आवाज खाली आणला. "फोटो तुमच्या गाडीचा काढू, नळी त्या नव्या गाडीत घालू. पाच मिनिटांचं काम."

मी पाकिटाकडे हात नेला, एवढ्यात पुढच्या सीटवरून हेडमास्तरांचा आवाज आला. "बाळ, बत्तीस वर्षांत मी कुणाला दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर पास केलं नाही. ही नापास असेल तर नापास. काय कच्चं राहिलं ते बघू." पोराने निमूट नळी गुंडाळली. त्याच्या चेहऱ्यावर हेडमास्तरांना घाबरायची जुनी सवय स्पष्ट दिसली. माझ्याही चेहऱ्यावर असावी.

घरी येईपर्यंत गावाला बातमी. शेजाऱ्यांनी टाकीत डांबरगोळी टाकायला सांगितलं. बँकेतल्या मित्राने फोनवर सल्ला दिला, "प्रकाशापर्यंत दामटून ने आणि गरमागरम उभी कर." मेव्हणे म्हणाले, "विकून टाका," पण ते पंचवीस वर्षं हेच म्हणत आहेत, गाडी नवी होती तेव्हाही म्हणाले होते.

रविवारी मिस्तरींना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं, हवेच्या गाळणीचा डबा खोलला आणि गाळणी बाहेर काढून जमिनीवर आपटली. तांबडा लोट उठला. आधी मिस्तरी शिंकले, मग मी, मग ओट्यावरचं मांजर.

"हाई काय शे?" मिस्तरी डोळे पुसत म्हणाले. "भाऊ, तिनं नाक बंद शे!"

मिरचीची धूळ. मी नानांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. गुन्हेगार सापडला! खणातल्या अर्जाला आता गाडीचीही साक्ष जोडता येणार होती.

मिस्तरी आत बसले आणि डॅशबोर्डकडे बघत राहिले. "आठे थैली कोनी टांगी?"

नानांची थैली नेहमीच्या जागी होती, चोकच्या मुठीला अडकवलेली. आता चोक म्हणजे काय, हे आजच्या पोरांना ठाऊक नसतं. थंड इंजिन सुरू करताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त देण्यासाठी ती मूठ बाहेर ओढायची, आणि गाडी तापली की परत आत ढकलायची. नानांची थैली त्या मुठीला चांगली तीन-चार वर्षं लटकत होती. चष्मा, पाणी आणि पंप यांच्या वजनाने दर खड्ड्यागणिक मूठ थोडी बाहेर येई. आणि आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांना तोटा नाही.

मिस्तरींनी थैली काढून नानांच्या मांडीवर ठेवली, मूठ आत ढकलली. इंजिनाचा आवाज एकदम मऊ झाला. "आते दखा," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. हिशेब डोक्यात आपोआप होत होता. पंप थैलीत, थैली चोकला, चोक बाहेर, गाडी भकाभक पेट्रोल पितेय, आणि रोज सकाळी ती अंगणात दहा मिनिटं "गरम" करत ठेवतोय मी. अंगणाला लागून नानांच्या खोलीची खिडकी. बँकेत चुकीच्या खाती पडलेली रक्कम मी चष्मा न लावता शोधतो. घरातली ही नोंद मला इतकी वर्षं दिसली नव्हती, कारण ती मिरचीच्या खात्यावर शोभून दिसत होती.

मिस्तरींनी गाळणी नवी घातली, प्लग साफ केले, कार्बोरेटरचा स्क्रू कान लावून फिरवला. सोमवारी संपाच्या दिवशी पुन्हा गेलो. मोनॉक्साइड १.९, हायड्रोकार्बन ६४०. पोरगं नानांकडे बघून म्हणालं, "सर, पास." मला तो काका म्हणतो, नानांना सर. संध्याकाळी सहाशे रुपये भरले, पुढची तपासणीही यथावकाश झाली.

नानांचा खोकला गेला, असं लिहिलं तर ती दुसरी खोटी नोंद होईल. मिरची आहे, वय आहे, दमा आहे. पण सकाळचा खोकला कमी झाला. गाडी आता मी फाटकाबाहेर नेऊन सुरू करतो. अर्ज खणातच आहे. त्यातलं ते सुंदर वाक्य मी खोडलं. पथारीवाल्याचा हिस्सा किती आणि आमचा किती, हे ठरल्याशिवाय सही करायची नाही असं ठरवलंय.

पीयूसीचा कागद नानांनी आपल्या दवाखान्याच्या फायलीत लावला आहे. त्यांनाही मध्यंतरी डॉक्टरांनी एका यंत्रात फुंकायला लावलं होतं, त्या रिपोर्टच्या शेजारी. परवा दोन्ही कागद मांडीवर घेऊन, चष्मा लावून, आकडे बोटाने ताडून पाहत होते.

"मर्यादा तीन, हिचा एक पूर्णांक नऊ," ते म्हणाले. "पोरगी माझ्यापुढे गेली रे!"

आणि थैलीतून पंप काढला.