शिखर नसलेले देऊळ

काम करताना कलावंत उघडा असतो आणि त्या उघडेपणाला एकांत लागतो, हे सांगणारी एक लोककथा छत्तीसगडमधल्या चरोद्याला आहे. चरोद्याची आजची ओळख रेल्वेची. भिलाईच्या पोलाद कारखान्याशेजारच्या इथल्या मार्शलिंग यार्डाला सगळे ‘बीएमवाय’ म्हणतात आणि तिथे मालगाड्यांची जोडतोड रात्रंदिवस चालू असते. याच भागात, देवबलोद्याला, कलचुरी काळातले शिवमंदिर आहे. ते तेराव्या-चौदाव्या शतकातले मानले जाते. बाहेरच्या भिंतींवर हत्ती, शिकारीचे प्रसंग, नर्तकी आणि देवदेवता दाटीवाटीने कोरलेल्या आहेत. त्यांच्यावरून नजर वर सरकत जाते आणि अर्ध्यातच अडते, कारण वर कळस नाही. शिखर अपुरे राहिलेले आहे.

ते का अपुरे राहिले, याचे उत्तर गावाने आपल्या परीने दिले आहे. देऊळ बांधले जात होते ती रात्र सहा महिने लांबलेली होती, ‘छमासी रात’. शिल्पकार कामात इतका बुडाला की अंगावर वस्त्र आहे की नाही, याचीही शुद्ध त्याला उरली नाही. तो तसाच नागवा छिन्नी चालवत राहिला. बायको जेवण घेऊन यायची, ठेवायची आणि निघून जायची. एकदा तिच्याऐवजी बहीण आली. तिला पाहताच शिल्पकाराला आपल्या अंगाकडे पाहण्याची पहिल्यांदा आठवण झाली. लाजेने त्याने देवळाच्या माथ्यावरूनच शेजारच्या कुंडात उडी घेतली. बहिणीनेही जवळच्या तलावात जीव दिला, असे सांगतात. कुंडाच्या तळाशी भुयार आहे, ते थेट आरंगला निघते आणि तिथे पोचल्यावर शिल्पकाराचा दगड झाला, अशी भरही काही जण घालतात.

इतिहासाच्या पुस्तकात या कथेला जागा नाही. कलेचा विचार करणाऱ्याने मात्र ती सोडू नये. यातली बायको हे सगळ्यात सूक्ष्म पात्र. ती रोज पाहते, तरी तिच्या पाहण्याने काम थांबत नाही. बहिणीच्या एका नजरेने थांबते. त्या नजरेबरोबर शिल्पकार दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःला पाहतो. आत्मभान येते खरे, पण लाजेच्या रूपाने येते, आणि लाजेला देऊळ पुरे करता येत नाही. आतल्या जीवनाची मशागत करू पाहणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. लिहिणारा पहिल्याच पानावर आपण कसे दिसतो याचा हिशेब मांडू लागतो आणि वही मिटते.

याच लोहमार्गाने पश्चिमेला सुमारे पन्नास किलोमीटरवर राजनांदगाव लागते. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून शिकवत होते. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, त्या वेळीही ते राजनांदगावलाच होते. जन्म 13 नोव्हेंबर 1917 चा, श्योपूरचा. घर मराठी, लेखन हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत. ‘क्षिप्रा’ ही कादंबरी त्यांची, आणि 1979 चा साहित्य अकादेमी पुरस्कार त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला मिळाला. एका घराने दोन भाषांना इतके दिले, हे महाराष्ट्रात पुरेसे आठवले जात नाही.

राणीसागर आणि बूढासागर या तलावांच्या सोबतीला, जुन्या राजवाड्याच्या आवारात मुक्तिबोधांचे घर होते. त्यातला चक्करदार जिना आजही दाखवतात. त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेतही पायऱ्या आहेत. त्या गावाबाहेरच्या ओसाड बावडीत, पाण्याखाली उतरत गेलेल्या. काठाला औदुंबर. आत एका मोठ्या विद्वानाचे भूत अंग घासत बसले आहे. मळ निघत नाही, म्हणून ते आणखी घासते. सारे ज्ञान त्याला पाठ आहे. देवबलोद्याचा शिल्पकार लाजेने पाण्यात गेला, तर हा शुद्धतेच्या हव्यासाने. आत्मपरीक्षण बिघडण्याच्या या दोन वाटा इतक्या नेमकेपणाने इतरत्र क्वचितच भेटतात.

या दोन्ही टाळणारी तिसरी वाट मुक्तिबोधांच्या गद्यात आहे. ‘एक साहित्यिक की डायरी’ 1964 मध्ये आली. तिच्यातल्या ‘तीसरा क्षण’ या लेखात केशव नावाच्या मित्राशी बोलता बोलता कलेच्या तीन क्षणांचा विचार उलगडतो. पहिला क्षण तीव्र अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांपुढे एखादी कल्पित सृष्टी उभी राहावी तसा उभा राहतो. माणूस तो भोगतो आणि पाहतोही. तिसऱ्या क्षणी शब्द येऊ लागतात, आणि खरी गंमत इथे आहे. भाषा एकट्याची नसते. तिच्यात पिढ्यांचे अर्थ साठलेले असतात आणि ते आत शिरून मूळ चित्र बदलून टाकतात. लिहून झालेली कविता ही मनात होती ती कविता नसतेच. मन वाढते ते या बदलात. स्वतःला न्याहाळून ते तेवढे वाढत नाही.

हा विचार मांडणाऱ्याचे आयुष्य निवांत नव्हते. 1962 मध्ये त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली, त्याचा घाव खोल गेला. 11 सप्टेंबर 1964 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता ते अनेक वर्षे पुन्हा पुन्हा लिहीत होते. ती त्यानंतर छापून आली.

मराठी वाचकाने मुक्तिबोधांची सुरुवात कवितेपासून करू नये, दमछाक होते. आधी डायरी उघडावी आणि केशवशी चाललेले बोलणे पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचावे.