‘मठ्ठ’ म्हणण्यापूर्वीं

“मुलगा मठ्ठ आहे,” हें वाक्य उच्चारावयास एक क्षण लागतो. परंतु तें मुलाच्या मनांत वर्षानुवर्षें घर करून राहतें. शालेय मानसशास्त्राचें शिक्षण घेण्याकरितां आम्ही अमेरिकेस गेलों, तेव्हां ‘हा कसला व्यवसाय?’ असें पुष्कळांनीं विचारिलें. थोडक्यांत सांगावयाचें तर, असलीं वाक्यें तपासून पाहण्याचा हा व्यवसाय होय.

त्याचा आरंभ फिलाडेल्फिया शहरीं झाला. इ. स. १८९६ मध्यें एका शिक्षिकेनें, ज्यास शुद्धलेखन कांहीं केल्या साधेना अशा एका मुलास, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील प्राध्यापक लाइटनर विट्मर यांजकडे आणिलें. तपासाअंतीं मुलाच्या दृष्टींतच दोष निघाला! त्याच वर्षीं विट्मर यांनीं अशा मुलांसाठीं चिकित्सालय उघडिलें. आणि १९१५ सालीं कनेक्टिकट राज्यानें आर्नल्ड गेझेल यांस शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमिलें.

तेथें पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम बहुधा तीन वर्षांचा असतो. पहिलीं दोन वर्षें बालविकास, बुद्धिमापन, संख्याशास्त्र, समुपदेशन इत्यादि विषयांत व थोड्या प्रत्यक्ष कामांत जातात. तिसऱ्या वर्षीं निदान १२०० तास उमेदवारी करावी लागते, व त्यांपैकीं ६०० तास तरी शाळेंतच. कसोटीचे गुण एकटे न लिहितां त्यांतील संभाव्य चुकीची मर्यादाही लिहावी, हा आमचा पहिला धडा. मापणाऱ्यानें आपल्या मापाचा गर्व वाहूं नये, हेंच त्यांतील मर्म.

उमेदवारीच्या काळांत एक मराठी मुलगी आमच्यापुढें आली. नुकतीच स्वदेशाहून आलेली. वर्गांत तोंडांतून शब्द निघेना. म्हणून ‘मंद’ असा शेरा. तिला विशेष वर्गांत घालावें कीं काय, हा प्रश्न होता. तेथील १९७५ च्या कायद्यानें अशी परीक्षा शक्य तोंवर मुलाच्या मातृभाषेंत घ्यावी लागते. आम्हीं मराठींत एक हिशेब घातला मात्र, तिनें चटकन् उत्तर दिलें आणि विचारिलें, “याहून अवघड नाहीं का?” पुढें सर्व कसोट्या यथासांग झाल्या व विशेष वर्गाचा विचार रहित झाला. तिला उणीव होती ती केवळ इंग्रजीच्या शिकवणीची.

मातृभाषेंतील परीक्षेचें महत्त्व आपल्याकडेही पूर्वींच ओळखलें गेलें होतें. फ्रान्समधील बिने यांच्या कसोट्या व्ही. व्ही. कामत यांनीं कानडी व मराठी मुलांसाठीं बसविल्या आणि त्यांवरील ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध केला.

पालकहो, प्रगतिपुस्तकावर तांबडी रेघ दिसली म्हणजे रागावण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या : मुलास फळा नीट दिसतो काय, गुरुजींचें बोलणें ऐकूं येतें काय, आणि ज्या भाषेंत शिकवितात ती त्यास कळते काय. आणि विद्यार्थी मित्रांनो, शेजारच्या बाकावरील सोबती अडखळला तर हंसूं नका. कदाचित् त्यास फळाच दिसत नसेल. त्यास पुढच्या बाकावर आपली जागा द्या.