तबकडी लिहून झाल्यावर

कोऱ्या तबकडीवर माहिती उतरवण्याला इंग्रजी माणूस ‘जाळणे’ म्हणतो. आमच्या शहापूर-मुरबाडकडे मात्र कुणी सीडी जाळली नाही. इकडे ती ‘राइट केली’ जाई किंवा ‘मारली’ जाई, आणि काम अर्ध्यात फसले की ‘सीडी गेली’ असे म्हणून सगळे मयताला आल्यासारखे गप्प बसत. त्या काळी अनेक संगणकांवर असणाऱ्या ‘नीरो बर्निंग रॉम’ या आज्ञावलीने तर आपल्या नावातच रोम आणि तिचा बदनाम सम्राट यांवर कोटी केली होती.

कोटी बाजूला ठेवली तर दोन्ही क्रियापदे खरी आहेत. कोरी सीडी म्हणजे पॉलिकार्बोनेटची पारदर्शक चकती, तिच्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर, त्यावर धातूचा चकचकीत थर आणि सर्वांत वर लाखेसारखा संरक्षक लेप. लेसरचा किरण आतल्या कडेपासून बाहेर, सर्पिल वाटेने जात रंगद्रव्य ठरावीक जागी तापवतो. ते तिथे कायमचे बदलते. पुढे सौम्य किरण त्याच वाटेने फिरून बदललेल्या आणि न बदललेल्या जागांचा अर्थ लावतो. फिलिप्स आणि सोनी यांनी या लेखनाचे नियम १९८८ साली ‘ऑरेंज बुक’मध्ये घालून दिले. या जातीच्या तबकडीवर जाळल्याखेरीज लिहिता येत नाही आणि एकदा जाळलेले पुसता येत नाही.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एकाची नोकरी शहापूरला, दुसऱ्याची मुरबाडला, आणि मधे किन्हवली-सरळगावचा रस्ता. २००५ ते २००९ या वर्षांत, एम.ए. होऊन नुकतेच शिकवू लागलो असताना, आम्ही या भागातली लग्नगीते ध्वनिमुद्रित करत होतो. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण धवला गाते. वारल्यांमध्ये तर धवलेरीच्या गाण्याखेरीज लग्न लागत नाही. वर्गात महदंबेचे ‘धवळे’ शिकवताना आपण तेराव्या शतकातल्या आद्य कवयित्रीविषयी बोलतो. पण ज्या गीतप्रकाराचे नाव त्या रचनेने धारण केले, तो इथे मांडवात अजून जिवंत आहे याची विद्यार्थ्याला कल्पना नसते. मुरबाड तालुक्यातल्या एका धवलारीण आजीने आम्हाला चार बैठकांत संपूर्ण धवला गाऊन दिला. तो कॅसेटींवर होता, आणि कॅसेट दर वाचनागणिक झिजते हे आम्हाला ठाऊक होते. तबकडीची गरज तिथे पडली.

हिशोब मोठा सोयीचा होता. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेतो. म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट सुमारे ६०० एमबी, आणि कोरी सीडी ७०० एमबीची. एका कॅसेटीला एक तबकडी. एमपी३ केले असते तर एका तबकडीत दहा कॅसेटी मावल्या असत्या. पण कानाला जाणवणार नाही म्हणून ती पद्धत जे गाळते, त्यात आजीचा दोन ओळींमधला श्वासही जाईल, अशी आमची धास्ती होती.

पहिली तक्रार ओघ तुटण्याची. लेखन सुरू झाले की किरण थांबत नाही आणि त्याला माहितीचा अखंड पुरवठा लागतो. ड्राइव्हमध्ये त्यासाठी छोटी साठवण असते. ती रिती झाली की लेखन तुटते आणि तबकडी वाया जाते. आमच्या संगणकाची स्मृती तुटपुंजी होती. पडदारक्षक चालू झाला किंवा विषाणूशोधकाने मधेच झडती घेतली तरी ओघ आटे. सान्यो कंपनीने २००० साली आणलेल्या ‘बर्न-प्रूफ’ तंत्रात साठवण आटली की किरण नेमक्या जागी थांबतो आणि पुन्हा तिथूनच पुढे लिहितो. आमच्या पहिल्या ड्राइव्हमध्ये ती सोय नव्हती. तेव्हा बाकीचे सारे बंद करायचे, फाइली आधी हार्ड डिस्कवर एकत्र आणायच्या, वेग उतरवायचा आणि टेबलाला धक्का न देता बसायचे, हा उपाय.

दुसरी तक्रार वेग अचानक मंदावण्याची. काल दहा मिनिटांत होणारे काम आज तासभर रखडे. ड्राइव्हला वाचनात वारंवार अडचण आली की त्या काळच्या कार्यप्रणाली आपण होऊन ‘डीएमए’ सोडून ‘पीआयओ’ या जुन्या पद्धतीवर उतरत. तीत माहितीचा प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतःच्या हाताने भरवावा लागतो. याचा संदेश कुठेही येत नसे. उपकरणांच्या यादीत जाऊन ती वाहिनी काढून टाकायची, संगणक पुन्हा सुरू करायचा, की गाडी पूर्वपदावर येई. हे आम्हाला कळेपर्यंत आम्ही नवा ड्राइव्ह घेण्यासाठी कल्याणला जायला निघालो होतो.

तिसरी ‘पॉवर कॅलिब्रेशन’ची. लिहिण्यापूर्वी लेसर तबकडीच्या अगदी आतल्या कडेला, राखीव जागेत, आपली शक्ती आजमावून पाहतो. नवा टाक आपण समासात घासून पाहतो, तसेच. ही परीक्षा फसली तर लेखन सुरूच होत नाही. भिंगावरची धूळ, म्हातारा झालेला लेसर किंवा हलक्या प्रतीचे रंगद्रव्य, ही तिची कारणे. पन्नासच्या डब्यातून सुट्या विकल्या जाणाऱ्या स्वस्त तबकड्यांवर आम्हाला तिचा प्रसाद वरचेवर मिळाला. अशा निकामी तबकड्या गावात फुकट गेल्या नाहीत. पाखरे बुजावीत म्हणून त्या भाताच्या खाचरांवर दोऱ्याने टांगल्या गेल्या आणि उन्हात छान चमकल्या.

चौथी तक्रार सर्वांत घरगुती. इथे चालणारी सीडी तिथे चालत नाही. लेखनसत्र बंद करून तबकडीवर अनुक्रमणिका पक्की केली नाही, तर ज्या ड्राइव्हने लिहिले तो ती वाचतो, पण दिवाणखान्यातला प्लेअर तोंड फिरवतो. शिवाय ध्वनी-सीडी आणि माहिती-सीडी या दोन वेगळ्या लिपी आहेत. म्हणून प्रत्येक कॅसेटीच्या दोन तबकड्या होऊ लागल्या. माहिती-सीडी आमच्या कपाटात, ध्वनी-सीडी आजीच्या घरी.

या सगळ्यावर भारनियमनाची कडी. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूर तालुक्यातली. त्यांच्या शेजारची गावे त्या वर्षांत दिवसाचे कित्येक तास अंधारात असत. आमचा यूपीएस फार तर पंधरा मिनिटे तग धरे. आठपट वेगाने ऐंशी मिनिटांची पूर्ण तबकडी लिहायला दहा मिनिटे लागतात, चौपट वेगाने वीस. तबकडीला संथ वेग मानवे आणि विजेला घाई असे. आठपट वेग हा आमचा त्यातला तह होता.

पण या तक्रारी एका अर्थी प्रामाणिक होत्या. त्यांत तबकडी फसल्याचे लगेच कळे. घातक होती ती ‘लेखन यशस्वी’ असे सांगणारी तबकडी. या शब्दांचा अर्थ एवढाच, की किरण ठरलेल्या वाटेवर शेवटपर्यंत चालला. जे उमटले ते वाचता येते की नाही, हे त्यात येत नाही. त्यासाठी आज्ञावलीत ‘पडताळणी’ची वेगळी खूण असे. ती केली की लिहिलेले पुन्हा वाचून मूळ फाइलीशी ताडले जाई, आणि लागणारा वेळ जवळपास दुप्पट होई. दुकानात सीडी मारून देणारे म्हणूनच ती खूण काढून टाकत. ही गोष्ट मराठीच्या माणसाला नवी नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो हाती असलेल्या प्रती एकमेकींशी ताडूनच. प्रत पुरी झाली की लेखनिकाचे काम संपते, पण त्या प्रतीचा भरवसा तिथे सुरू होत नाही. आमच्या प्रत्येक तबकडीची पडताळणी झालेली होती. कपाटातल्या वहीत प्रत्येकीपुढे तारीख आणि सही आहे.

तरीही काळ पडताळणीला बांधील नसतो. आजी आता नाहीत. अलीकडे एका विद्यार्थिनीला प्रबंधासाठी धवला हवा होता, म्हणून आम्ही तबकड्या बाहेर काढल्या. आजच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, तेव्हा यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मागवला. बहुतेक तबकड्या निमूट वाचल्या गेल्या. धवल्याच्या चारांपैकी दोन मात्र अडून बसल्या. रंगद्रव्य उष्णतेने, उजेडाने आणि दमटपणाने हळूहळू विटते. वरचा लेप उखडला की धातूचा थरही जातो. लोक खालची चकचकीत बाजू जपतात, पण सीडीत मजकूर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला अधिक जवळ असतो.

आम्ही जुने उपाय पुन्हा केले. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत पुसले. गोल पुसू नये, कारण वाटेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूर खातो आणि आडवा ओरखडा थोडा थोडाच. वाचनाचा वेग उतरवला, दुसरा ड्राइव्ह लावून पाहिला. एक तबकडी खंडित का होईना, उतरली. दुसरी नाही. तिच्यात हळदीचा धवला होता.

मग आजीच्या घरची ध्वनी-सीडी आठवली. ती ओरखड्यांनी भरलेली होती, पण वाजत होती. माहिती-सीडीत प्रत्येक अंशाला दोषदुरुस्तीचे जादा कवच असते. तेही अपुरे पडले तर ती वाचायचे नाकारते. ध्वनी-सीडी नाकारत नाही. हरवलेल्या जागी प्लेअर आजूबाजूच्या लहरींवरून अंदाज बांधतो आणि फट बुजवतो. कानाला गाणे सलग वाटते, पण मधला शब्द कुणी गायलेला नसतो. पोथ्यांतल्या प्रक्षेपांविषयी आपण वर्गात जे बोलतो ते इथे यंत्र करत होते.

दुसरा साक्षीदार म्हणजे टंकलिखित संहिता. ती त्या काळच्या फाँटमध्ये होती. असे फाँट रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीच्या आकृती बसवत, त्यामुळे फाँट नसला की पडद्यावर निरर्थक रोमन खूण-खळ दिसे. महानुभावांची सकळ लिपी निदान ग्रंथाच्या रक्षणासाठी होती, ही लिपी नुसत्या सोयीतून जन्मलेली. अक्षरपालट करणाऱ्या आज्ञावलीने ती युनिकोडात आली. जोडाक्षरे हाताने सुधारावी लागली.

तिसरा साक्षीदार आजीची सून. आता लग्नांना तिलाच बोलावतात. तिला आम्ही सीडी ऐकवली. जिथे आवाज अडखळे तिथे ती न थांबता, पुटपुटत, ओळ पुरी करी आणि सासूचा आवाज परतला की गप्प होई. महानुभाव परंपरा सांगते, की धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा सिद्ध केली. शिकवताना आम्हाला ती गोष्ट नेहमी थोडी दूरची वाटे.

तीन साक्षींतून हळदीचा धवला उभा राहिला, फक्त एका ओळीपुरते तिघांचे जमले नाही. संहितेत एक शब्द आहे, सून दुसराच गाते, आणि सीडीवर नेमक्या त्याच जागी यंत्राने बुजवलेली फट आहे. ‘आत्याबाईंनी असंच म्हटलं असंल,’ असे सून म्हणाली, पण कुठला शब्द याविषयी तिने आग्रह धरला नाही.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड काम केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या गेल्या आणि त्यांतल्या हजारोंचे ध्वनिमुद्रणही झाले. राईरकर २०१० साली गेल्या, प्वातवँ त्याआधी २००४ मध्ये. त्या ओव्या आज ‘पारी’च्या संग्रहात कुणालाही वाचता-ऐकता येतात, कारण कागद आणि आवाज दोन्ही राहिले आणि पुढच्या माणसांनी ते वेळीच नव्या साधनांवर उतरवले. एकाच माध्यमाच्या भरवशावर ते काम इथवर आले नसते.

आमच्या धवल्याच्या आता तीन प्रती आहेत. एक शहापूरला, एक मुरबाडला आणि एक सुनेच्या घरी, तिच्या मुलाच्या संगणकावर. दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही उघडून ताडायच्या, असे ठरले आहे. त्या एका ओळीत दोन्ही शब्द शेजारी ठेवले आहेत, आणि ध्वनिफितीत ती फट जिथे आहे त्या मिनिटाची आणि सेकंदाची नोंद खाली केली आहे.