कर्वेनगरातलं कळण

पुण्यात कर्वेनगरात राहायला आले तेव्हा आधी गिरणी शोधली. गहू, तांदूळ, थालीपिठाची भाजणी, सगळं कुठेही दळून मिळतं. प्रश्न कळणाचा होता. किलोभर ज्वारीला पाव किलो सालासकट काळे उडीद आणि दळतानाच घातलेलं जाडं मीठ, हे आमच्या जळगावकडचं कळण. गिरणीवाल्या दादांनी डब्यातले दाणे तळहातावर घेऊन विचारलं, "ताई, हे चुकून मिसळलं का?" मुद्दाम मिसळलंय म्हटल्यावर त्यांनी डबा बाजूला ठेवला. उडदाचं पीठ दगडाला चिकटतं आणि मागून येणाऱ्याच्या गव्हात काळे ठिपके उतरतात, म्हणून कळण रात्री, सगळ्यांचं दळून झाल्यावर. तसा रात्री डबा घेऊन जायला लागले, तर धुळ्याकडच्या, नंदुरबारकडच्या बायका तिथे आधीच उभ्या असायच्या. या भागातल्या माझ्या निम्म्या ओळखी त्या गिरणीच्या पायरीवर झाल्या.

गावी कळणाला दादर ज्वारी घ्यायची पद्धत. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला येते ती. इथल्या वाण्याकडे ज्वारी म्हणजे सोलापूर, बार्शी, मंगळवेढ्याकडची मालदांडी. उडीद मात्र भाऊ शेतातले पाठवतो. त्यामुळे माझ्या परातीत सोलापूरची ज्वारी आणि जळगावचे उडीद एकत्र मळले जातात. ज्वारीला मुळात चिकटपणा नाही. उकळतं पाणी घालूनही नवख्या हाताखाली भाकरीच्या कडा फुटतात. उडीद असला की पीठ एकमेकांना धरून राहतं, भाकरी हवी तेवढी पातळ थापता येते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. मग आचेवर टाकली की टम्म फुगते आणि सालाचे काळे ठिपके खरपूस होऊन घरभर वास सुटतो. मालदांडीने तिचा रंग उजळला, चव गोडसर झाली. आई इथे आली की म्हणते, "तुझं कळण गोड लागतं, ठेचा जास्त वाढ." मला आता हेच कळण आवडतं.

"गावच्या चवीचं काही राहिलं नाही" असं म्हणणारे पाहुणे येतात, त्यांच्याशी मी वाद घालते. गावची चव म्हणून ज्याची शपथ घेतात ते आमचं भरीतच घ्या. वांगं या मातीतलं खरं. पण त्यात ठेचून घातलेली हिरवी मिरची आणि मूठभर शेंगदाणे, दोन्ही अमेरिका खंडातून आलेली पिकं. मिरची तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. वरण-बट्टीतली बट्टी राजस्थानच्या बाटीची बहीण आहे. आम्ही लेवा पाटीदार, आमचे पूर्वज गुजरातेतून आले असं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. वाटेत जे मिळालं ते शिजवत, खात ते तापीकाठी पोचले असणार. त्यांच्या लेकीने मालदांडी मळली तर काय बिघडलं?

बदलायला मन तयार होत नाही ते एका वांग्यापाशी. भरिताचं वांगं म्हणजे आमच्या बामणोद-भादलीकडचं, फिकट हिरवं, हातभर मोठं, बिया कमी आणि गर लोण्यासारखा. जळगावच्या या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. थंडीत शेतात कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवायच्या आणि त्या जाळात वांगी भाजायची. साल काळीठिक्कर होऊन सुटते, गरात धुराचा वास उतरतो. तो लाकडी भांड्यात चांगला ठेचायचा. तेलात लसूण, मिरची, शेंगदाणे परतायचे, वर कांद्याची पात आणि कोथिंबीर. कांदा-टोमॅटोचा मसाला या भरिताला चालत नाही. फ्लॅटमध्ये गॅसच्या आचेवर वांगं भाजलं जातं, पण धूर लागत नाही. म्हणून डिसेंबरात रात्रीच्या ट्रॅव्हल्सने खोक्यातून वांगी येतात, सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पऱ्हाट्यांची जुडी. गच्चीवर लोखंडी घमेल्यात त्या पेटवतो. आमच्या इमारतीत कॉट बेसिसवर राहणाऱ्या, कमिन्स कॉलेजात शिकणाऱ्या मुली त्या रात्री हमखास वर येतात. लातूरची एक मुलगी घरून आलेल्या कारळ्याच्या चटणीचा डबा घेऊन येते आणि ती भरितावर भुरभुरते. जवळपास सगळ्याजणी आता तसंच खातात.

परगावाहून आलेल्यांनी एका चुलीवरचं जेवण जेवणं या जागेला नवं नाही. कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. 1896 साली सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम धोंडो केशव कर्व्यांनी 1900 मध्ये इथल्या माळावर, एका झोपडीत आणला. ते स्वतः कोकणातल्या मुरुडचे. फर्ग्युसनमध्ये शिकवून पायी हिंगण्याला यायचे. वेगवेगळ्या गावच्या विधवा मुली तिथे एकत्र राहिल्या, एकत्र जेवल्या. त्यांच्या पानात काय वाढलं जायचं, कुणाला कुठल्या भाजीने माहेर आठवायचं, हे कुणी सविस्तर लिहून ठेवायला हवं होतं, असं त्या आवारावरून जाताना मला नेहमी वाटतं.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू गुहागरच्या. त्यांचं बिरडं कडव्या वालांचं, पण थंडीत मंडईत ओला पावटा आला की त्या त्याचे दाणे घेतात. एकदा नारळ आणि गूळ घालून केलेली पावट्याची उसळ त्यांनी दिली. मी निम्मी तशीच खाल्ली आणि निम्मीला लसणाची फोडणी देऊन आमचा काळा मसाला घातला. वाटी परत गेली ती या भाजीने भरून. आता काकू स्वतःच काळा मसाला मागून नेतात, वर खोबरं पेरतात आणि मी सालाच्या उडदाच्या आमटीत चिंचेऐवजी त्यांचं आमसूल टाकते. उडदाला आमसूल चिंचेपेक्षा चांगलं लागतं, हे मी जळगावातही ठासून सांगते.

मागच्या वर्षी मी आमच्याकडच्या वांग्याचं बी मुळशीकडच्या एका शेतकरी मावशींना दिलं. त्या भाजी घेऊन आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बसतात. रोपं जोमात आली. वांगी मात्र निम्म्या आकाराची, साल जाड, बिया जास्त. "आमची जमीन मुरमाड, तुमच्यासारखी काळी न्हाई," त्या म्हणाल्या. भाजून पाहिलं तर गर कमी निघाला. मग बट्ट्यांसोबत करतात तशी घोटलेली भाजी केली. वांगी शिजवून रवीने घोटली, मिरची-लसणाची फोडणी दिली. त्या जाड सालीची, बियांची भाजी इतकी दाट आणि चवदार झाली की सोबतचं वरण मागेच राहिलं. मावशींनी यंदा पुन्हा दोन वाफे लावलेत. भरिताची वांगी जळगावहून येतील आणि घोटायची मुळशीहून.