ओसरी असलेला दवाखाना

स्वमग्नता म्हटली की डोळ्यांसमोर लहान मूल येते. परंतु ही अवस्था वयाबरोबर संपत नाही. ते मूल तिशी-चाळिशीत पोहोचते, त्याची दाढ दुखते, त्याला मधुमेह होतो. साताऱ्यातील माझ्या दवाखान्यात असे काही प्रौढ येतात. त्यांचे आजार इतरांसारखेच असतात. फक्त ते आमच्यापर्यंत उशिरा पोहोचतात.

सांगलीकडच्या एका तिशीतल्या तरुणाला साताऱ्यातील बहिणीने माझ्याकडे आणले, तेव्हा पोटदुखीचा तिसरा दिवस होता. पूर्वी एका रुग्णालयाच्या गर्दीत तो कान झाकून पळत सुटला होता आणि चौघांनी त्याला दाबून धरले होते. “डॉक्टरसाहेब, त्याला सुईचं भय नाही हो, बाहेरच्या खोलीचं आहे,” आई म्हणाली. अपेंडिक्स फुटले होते. शस्त्रक्रियेने तो वाचला.

त्या बाहेरच्या खोलीत असते काय? गुणगुणणारी ट्यूबलाइट, फरशीवर घुमणारे आवाज, फिनेलचा वास, खेटून बसलेली माणसे आणि अचानक पुकारलेले नाव. आपण हे सारे नकळत गाळून टाकतो. स्वमग्न व्यक्तीला अनेकदा ते जमत नाही. २०१३ पासून संवेदनांची ही तीव्र वा मंद जाणीव निदानाच्या निकषांतही आली आहे. कैरोच्या वास्तुरचनाकार माग्दा मुस्तफा यांनी अशा व्यक्तींच्या इमारतींसाठी सात सूत्रे मांडली. आवाज आटोक्यात ठेवणे, माघार घेण्यास शांत कोपरा देणे आणि एका जागेतून दुसरीत जाताना मध्ये उसंत ठेवणे ही त्यांपैकी तीन. वाचताना मला आपले वाडे आठवले. ओसरी, सोपा, मग माजघर. परका माणूस टप्प्याटप्प्याने आत येई. आमचे दवाखाने मात्र रस्त्यावरून थेट गर्दीत उघडतात.

औषधांची खोकी ठेवण्याची बाजूची खोली मी रिकामी केली. गल्लीतून थेट दार, एक खुर्ची, जाड पडदा, न लुकलुकणारा मंद दिवा. कोणी आत अडकू नये म्हणून दार बाहेर उघडणारे आणि कडी बाहेरूनही निघणारी. भिंतीला भडक रंग नको, हे रंगाऱ्याला पटवणेच सर्वांत कठीण गेले! नाव पुकारण्याऐवजी आम्ही घरच्यांच्या मोबाइलवर कळवतो. दार, खोली आणि तपासणीचे टेबल यांची छायाचित्रे आदल्या दिवशी पाठवतो, म्हणजे येणाऱ्याला काहीच अनपेक्षित राहत नाही. खर्च माझ्या ईसीजी यंत्राहून कमी आला.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश व उपचारांत प्राधान्य मिळावे, अशी तरतूदही त्यात आहे. मात्र अडथळा म्हणजे पायरी, एवढाच अर्थ आपण घेतला. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढल्यापासून मिरजेला दूरदूरचे रुग्ण येतात. आज तिथे आणि साताऱ्यातही चाकाच्या खुर्चीसाठी उतार दिसतो, शांत खोली क्वचितच.

तुमच्या घरी अशी व्यक्ती असेल, तर डॉक्टरांना आधी फोन करा. सकाळची पहिली वेळ मागा, मोटारीतच थांबू द्या म्हणून सांगा. आणि दुखणे नसतानाही एकदा तिला दवाखाना दाखवून आणा.